कुत्रे नसलेली पायगाडी

लहानपणी तीनचाकी चालवलेल्या प्रत्येकाने फिक्स्ड गिअरची सायकल चालवलेली आहे. तीनचाकीचे पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले असतात. चाक फिरले की पायडल फिरतात, पायडल रोखले की चाक थांबते, आणि पाय उलटे मारले की गाडी मागे जाते. उतारावर पाय फाकवून वर धरले तर पायडल गरागरा फिरत राहतात आणि पाय परत ठेवायला गेलो तर नडगीवर फटका बसतो. पुढे मोठी सायकल हाती येते आणि हे सगळे नियम बदलतात. मोठ्या सायकलवर पाय स्थिर ठेवले तरी ती पुढे जात राहते. मागच्या चाकातून टिक-टिक-टिक असा आवाज येत राहतो. त्या आवाजाची आपल्याला इतकी सवय असते की तो कशाचा, हे विचारायचे राहूनच जाते.

हा आवाज फ्रीव्हीलचा. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला चेनचे जे दातेरी चक्र असते, त्याच्या पोटात हा खेळ चालतो. आत एक गाभा, त्याच्या खोबणीत बारीक स्प्रिंगवर बसवलेले लोखंडाचे लहान तुकडे, आणि बाहेरच्या कड्याला आतून कापलेले तिरपे दाते. पायडल पुढे मारले की ते तुकडे दात्यांत अडकतात आणि चाक ओढले जाते. पाय थांबवले की तुकडे दबून दात्यांवरून घसरत जातात, तोच टिक-टिक आवाज. आमच्याकडचे मिस्त्री या तुकड्यांना ‘कुत्रे’ म्हणतात. पायडल मारावे आणि ते भसकन रिकामेच फिरावे, सायकल जागची हलू नये, तेव्हा निदान ठरलेले असते: ‘कुत्रे फेल झाले.’ पुढे जाताना दातांनी धरणारा आणि मागे येताना सोडून देणारा हा प्राणी आहे, हे नाव ज्याने ठेवले त्याला यंत्र नीट कळले होते असे मला वाटते.

फिक्स्ड गिअरची सायकल म्हणजे हे कुत्रे काढून टाकलेली सायकल. वाढवायचे काहीच नाही, फक्त कमी करायचे. म्हणूनच हे काम फार सोपे वाटते, आणि नेमका तिथेच धोका आहे.

हा लेख लिहिण्याचे कारणही तोच धोका. गेली दोन-तीन वर्षे आमच्या गोंदियात पंधरा-सोळा वर्षांची मुले आजोबांच्या काळ्या सायकली, नाहीतर भंगारातून आणलेल्या ड्रॉप हँडलच्या जुन्या ‘रेसर’ घेऊन वेल्डिंगच्या दुकानात येतात. मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ पाहिलेले असतात. फ्रीव्हीलला चार टाके मारून घ्यायचे, कुत्रे कायमचे जाम करायचे, आणि मग सायकल ‘साफ’ दिसावी म्हणून ब्रेक काढून टाकायचे. काम दहा मिनिटांचे. मी अभियंता नाही. सायकलबद्दल जे काही कळते ते दुकानांच्या ओट्यावर बसून, मिळतील ती जुनी पुस्तके वाचून आणि सायकली उघडून जमवलेले आहे. पण वेल्ड मारलेले फ्रीव्हील कधी दगा देते आणि का देते, हे समजायला अभियंता असावे लागत नाही. एक उजवा आटा समजला की पुरे. तिथे यायच्या आधी थोडे मागे जातो, कारण मुलांना ही गोष्ट नवी फॅशन वाटते आणि ती तशी नाही.

आज ओळखीची वाटणारी सायकल, म्हणजे दोन सारख्या आकाराची चाके आणि मागच्या चाकाला चेन, इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली याच्या ‘रोव्हर’पासून, १८८५ पासून रूढ झाली. १८८८ मध्ये डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. त्याच १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामुअण्णा यांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी या नंतरच्या गोष्टी. पुढे एवढ्या वाढलेल्या त्या उद्योगाचे मूळ सायकलच्या दुकानात आहे. आता काळाचा हिशेब मांडून पाहा. फ्रीव्हीलची कल्पना जुनी, अमेरिकेत विल्यम व्हॅन अँडेन याने १८६९ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. पण रस्त्यावरच्या सायकलींना फ्रीव्हील सर्रास लागू लागले ते १९०० च्या आगेमागे. तेव्हा १८९० च्या दशकात बेळगाव, पुणे, मुंबईच्या रस्त्यांवर ज्या सायकली धावल्या, त्या जवळपास सगळ्या फिक्स्डच असणार असे माझे अनुमान आहे. आपल्याकडे सायकलला ‘पायगाडी’ म्हणत. ज्या गाडीत पाय एक क्षणही गाडीपासून सुटा होत नाही तिला हे नाव अगदी नेमके बसते.

मग तीस वर्षे फ्रीव्हील पेटंटच्या कागदावर का पडून राहिले? कारण ब्रेक. फिक्स्ड सायकलवर पायच ब्रेक असतात. त्या काळचा हाताचा ब्रेक म्हणजे पुढच्या टायरवर वरून दाबली जाणारी चमच्यासारखी पट्टी. हवेचा टायर आल्यावर ती टायरच खाऊ लागली. पायांची पकड काढून घ्यायची तर तिच्या जागी भरवशाचा ब्रेक हवा. रिमला धरणारे ब्रेक आणि पायडल उलटे दाबून लागणारे हबचे ब्रेक चांगले बनू लागले, तेव्हाच फ्रीव्हील विकले जाऊ लागले. या दोन गोष्टी जोडीने आल्या. आजचे मूल ती जोडी फोडते तेव्हा एक ब्रेक हाताने काढून टाकते आणि दुसरा, म्हणजे पायांचा, मिळाला आहे असे समजते. तो मिळालेला नसतो.

आता आट्याकडे. मागच्या हबवर फ्रीव्हील बसते ते साध्या उजव्या आट्यांवर, बाटलीचे झाकण बसते तसे. पायडल पुढे मारताना चेन फ्रीव्हीलला ज्या दिशेने ओढते तीच ते घट्ट होण्याची दिशा. म्हणून नवे फ्रीव्हील हाताने बसवून दिले तरी चालते, चालवणाराच आपल्या पायांनी ते आवळत राहतो. वर्षानुवर्षे आवळलेले फ्रीव्हील काढायला लांब पाना लावून दोघांना लटकावे लागते, हे कोणताही मिस्त्री सांगेल. उलट्या दिशेने त्याच्यावर जोर कधी येतच नाही, कारण उलटे फिरवले की कुत्रे सोडून देतात. म्हणजे कुत्रे फक्त पायांना आराम देत नाहीत, ते आट्याचेही रक्षण करतात.

कुत्रे जाम केले की हे रक्षण संपते. समोर गाय आली, मुलाने पाय रोखले, की सगळा जोर फ्रीव्हीलवर उलटा येतो, झाकण उघडण्याच्या दिशेने. पहिल्या दिवशी काही होत नाही, कारण जुने आटे गंजाने आणि जोराने बसलेले असतात. दहाव्या, विसाव्या दिवशी एका जोरदार दाबाला ते ‘कट्’ करून सुटते. त्या क्षणी पाय मोकळे फिरतात, चाक पळत राहते आणि हातात ब्रेक नसतो. पुढे जाताना वेल्ड कधीच दगा देत नाही. दगा देते ते थांबताना, तेही जितके घाईने थांबायचे तितके हमखास.

सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे ज्याने कधी पायडल बदलले त्याला माहीत आहे. फिक्स्डसाठी बनवलेल्या हबवर हीच युक्ती वापरलेली असते. त्याला दोन पायऱ्यांचे आटे असतात. आतली मोठी पायरी उजव्या आट्यांची, तिच्यावर दातेरी चक्र बसते, कुत्रे नसलेले, एकसंध लोखंडाचे. बाहेरची जरा लहान पायरी डाव्या आट्यांची, तिच्यावर एक पातळ कडे आवळतात. पाय रोखल्यावर चक्र सुटू पाहते, पण सुटताना ते कड्याला ज्या दिशेने ढकलते ती कड्याची आवळण्याची दिशा असते. जितका जोर, तितके कडे घट्ट. पायांच्या ब्रेकवर भरवसा ठेवायचा तर तो या कड्यावर ठेवायचा. काही जण साध्या हबवर चक्र बसवून मागून उजव्या आट्यांचेच एक कडे आवळतात आणि आटे चिकटवणारे रसायन लावतात. वेल्डपेक्षा ते बरे, पण कडेही त्याच दिशेला सुटते ज्या दिशेला चक्र. दोन चोर एकमेकांना जामीन राहावेत तसे.

मी माझ्या काळ्या सायकलवर हे काम केले ते असे. दांडीची, रॉड ब्रेकची, २८ इंची चाकांची ही सायकल आमच्या भागात कोणालाही ओळखीची आहे. धानाचे पोते, दुधाच्या कॅन, पोरगी, म्हातारी, सगळे तिने वाहिले. ‘अ‍ॅटलस’ने १९५१ पासून अशा सायकली केल्या, त्यांचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी बंद पडला. तिचा सांगाडा या कामासाठी उत्तम. मागच्या चिमट्याच्या टोकांना आडव्या खाचा असल्याने चाक मागेपुढे सरकवून चेन ताणता येते. गिअर एकच असल्याने चेन सरळ रेषेत धावते. अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी, तारांच्या संख्येत. या सायकलच्या पुढच्या चाकाला ३२ तारा असतात आणि मागच्याला ४०, कारण ओझे मागे असते. फिक्स्डचे हब मात्र ३२ किंवा ३६ भोकांचे मिळते. ४० भोकांच्या रिमवर ते बसणार कसे?

तोडगा तसा सरळ आहे. पुढच्या चाकाची आणखी एक रिम घ्यायची. माप तेच, भोके ३२. तिच्यात ३२ भोकांचे फिक्स्ड हब घालून चाक बांधून घ्यायचे. आमच्या पेठेत हाताने तारा भरून चाकाचा आउट काढणारे मिस्त्री आता थोडे उरलेत. ज्यांनी माझे चाक बांधले त्यांनी हब दोनदा उलटून पाहिले, डाव्या आट्यांवरून नख फिरवले आणि एकच प्रश्न विचारला, ‘भाऊ, आता याच्यावर पोतं तर नाही ना टाकणार?’ प्रश्न बरोबर होता. आठ तारा कमी झाल्या की चाकाची ओझे वाहण्याची ताकदही कमी होते. मी कॅरियर काढून टाकले.

चेन किती ताणायची हे बोटाने ठरते. खालची-वरची चेन मधोमध दाबून पाहिली तर सुमारे एक सेंटीमीटर हलली पाहिजे. चेनचक्र क्वचितच अगदी गोल असते, म्हणून पायडल फिरवत जिथे चेन सर्वांत ताठ होते तिथे हे माप घ्यायचे. फ्रीव्हीलच्या सायकलवर सैल चेन पडली तर हात काळे होतात, एवढेच. फिक्स्डवर ती पडून चक्रात अडकली तर मागचे चाक जागच्या जागी जाम होते. क्रँकच्या कॉटर पिनाही नव्या घालाव्यात. आजवर त्यांच्यावर एकाच बाजूने जोर येत होता, आता दोन्ही बाजूंनी येणार. जुनी, घासलेली पीन आठवड्यात खुटखुटू लागते.

ज्यांच्याकडे पाच-सहा गिअरची जुनी रेसर आहे त्यांच्यासाठी थोडे वेगळे. गिअर बदलणारी, चेन ताणून धरणारी मागची यंत्रणा संपूर्ण काढावी लागते. पाय रोखले की चेनची खालची बाजू ताठ होते आणि ती यंत्रणा मोडून पडते. चिमट्याच्या खाचा आडव्या किंवा तिरप्या असतील तरच काम करावे. सरळ खाली उघडणाऱ्या खाचांत चाक सरकवता येत नाही, तो सांगाडा या कामाचा नाही. मागचे चक्र पुढच्या चेनचक्राच्या अगदी रेषेत आणायला आसावरचे वायसर इकडचे तिकडे करून चाक पुन्हा मध्यावर आणावे लागते.

दात्यांचा हिशेब मजेचा आहे. माझ्या सायकलला पुढे ४४ दाते, मागे १८. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे २.४४ फेरे. या चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटर, तेव्हा एका फेऱ्यात साडेपाच मीटरच्या जवळपास अंतर. ताशी १५ किलोमीटरने निवांत जाताना पाय मिनिटाला ४६ फेरे मारतात. हे झाले सपाटीवर, धानाच्या बांध्यांमधून आमगावकडे जाताना. पण सालेकसा-दरेकसाकडच्या उतारांवर सायकल ताशी ४० ने सुटली तर तेच पाय मिनिटाला १२० च्या वर फिरले पाहिजेत, आणि ते थांबवायचे तुमच्या हाती नाही. १८९० च्या दशकातल्या सायकलींना पुढच्या चिमट्यावर पाय टेकायला दोन खुंट्या असत. उतार आला की चालवणारा पाय पायडलवरून उचलून त्या खुंट्यांवर ठेवी आणि पायडल खाली आपले फिरत राहत.

मुलांना चाक घसरवून थांबायचे वेड असते, त्यांच्यासाठी आणखी एक हिशेब. ४४ भागिले १८ चे लहानात लहान रूप २२ भागिले ९. पाय नेहमी एकाच स्थितीत रोखले, तर टायर नऊ वेगवेगळ्या ठिकाणी घासतो. पुढे ४८ आणि मागे १६ घेतले तर भाग तीनने नेमका जातो, टायर प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी घासतो आणि तिथेच फाटतो.

‘पण रेसमध्ये तर ब्रेक नसतात,’ असे मुले सांगतात. खरे आहे. पुण्याला बालेवाडीत १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी क्रीडानगरी झाली, तिथे सायकलींची धावपट्टी आहे. अशा धावपट्टीवर फिक्स्ड सायकलच चालते आणि तिला ब्रेक लावायला मनाई असते. एडी मर्क्सने १९७२ मध्ये मेक्सिकोत एका तासात ४९.४३१ किलोमीटर कापले ते अशाच सायकलवर. पण तिथे सगळे एकाच दिशेने जातात, आडवे कोणी येत नाही, आणि कोणी एकाने अचानक ब्रेक दाबला तर मागचे त्याच्यावर आदळतील. म्हणून ब्रेक नकोत. आमच्या बाजारात एकाच मिनिटात ई-रिक्षा, बैल, शाळेची बस आणि उलट्या बाजूने येणारी मोटरसायकल भेटते. धावपट्टीचा नियम इथे आणणे म्हणजे विहिरीत पोहणाऱ्याचा नियम रस्त्यावर चालणाऱ्याला लावणे.

शिवाय एक साधी गोष्ट. थांबताना सायकलचा भार पुढे झुकतो आणि मागचे चाक हलके होते. पाय कितीही दणकट असले तरी ते मागच्याच चाकाला रोखतात आणि हलके झालेले चाक घसरते. कोरड्या रस्त्यावर एकट्या मागच्या चाकाने मिळणारी रोख पुढच्या ब्रेकच्या साधारण निम्मीच भरते. पुढचा ब्रेक दाबला की माणूस तोंडावर पडतो, हा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. तो झटक्याने दाबणाऱ्यांनी पसरवला. म्हणून फिक्स्ड केलेल्या सायकलला पुढचा ब्रेक हवाच. मी दोन्ही ठेवले आहेत.

कपड्यांचेही सांगायला हवे, कारण ते कोणी सांगत नाही. साध्या सायकलच्या चेनमध्ये ओढणीचे टोक अडकले तर पाय थांबवता येतात. फिक्स्डमध्ये सायकल चालती आहे तोवर चेन ओढतच राहते. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर आमच्याकडे शेकडो मुली ओढणी बांधून शाळेत जातात. त्या सायकलींशी कोणी भावाने असले प्रयोग करू नयेत. आणि स्टँडवर उभी करून चाक फिरवत फडक्याने चेन पुसायची सवय असेल तर ती पहिल्याच दिवशी सोडावी. फिरते चाक बोटासाठी थांबत नाही.

एवढे करून मिळते काय? पहिले चार दिवस सायकल माणसाला शिकवते. सवयीने पाय थांबवायला जावे तर ती खालून पाय उचलून देते. आमच्याकडे सायकलवर बसायची रीत अशी की डावा पाय पायडलवर, उजव्याने दोन ढकले, आणि मग टांग टाकायची. ही रीत फ्रीव्हीलने दिलेली आहे. फिक्स्डवर डाव्या पायाखालचे पायडलच फिरू लागते. जुन्या सायकलींना मागच्या आसाच्या डाव्या बाजूला एक पायरी असायची, तिच्यावर पाय देऊन पाठीमागून सीटवर चढत. मी सायकल जरा झुकवून, टांग आधी टाकून मग पहिले पायडल मारतो. चौथ्या-पाचव्या दिवशी वेग पायांना कळू लागतो. रेल्वेच्या पुलाचा चढ कुठे सुरू होतो हे डोळ्यांआधी गुडघ्यांना समजते. गर्दीत सायकल बैलगाडीच्या वेगाने चालवता येते, पाय न टेकता. आणि मागून येणारा तो आवाज बंद झालेला असतो. पावसानंतरच्या दिवसांत बोडीकाठच्या रस्त्याने जाताना बेडूक ऐकू येतात.

वेल्डिंगवाल्या दुकानात मी हे हब नेऊन दाखवले. तिथे आलेल्या एका मुलाने डाव्या आट्यांचे कडे स्वतः आवळून पाहिले, मग चक्राला उलटा हिसका दिला आणि कडे आणखी घट्ट झालेले बघून म्हणाला, ‘अरे, हे तर डाव्या पायडलसारखंच आहे.’ त्याने त्या दिवशी टाके मारून घेतले नाहीत. दुकानदाराचे एक गिऱ्हाईक गेले, पण तोही कुतूहलाने बघत होता.

मी घेतलेले हब दोन तोंडांचे आहे. एका बाजूला फिक्स्डचे चक्र, दुसऱ्या बाजूला साधे फ्रीव्हील, दाते दोन्हीकडे १८. दोन नट सैल करून चाक उलटे बसवले की पाच मिनिटांत सायकल पुन्हा कुत्र्यांची होते. गावात फिरायला फिक्स्ड. माघात कचारगडच्या यात्रेला निघतो तेव्हा आदल्या संध्याकाळीच चाक उलटून ठेवतो.